वाघर हाइट्सचे पहिले रहिवासी

ही गोष्ट २०२३ सालच्या जानेवारीतली. उंब्रजजवळ हायवेला लागून सुभेदार भाऊसोंचं रान होतं. त्या रानात ऊस सोडून दुसरं काही उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. रस्ता दोनपदरी होता तेव्हा ऊस, चौपदरी झाला तेव्हाही ऊस. सहापदरीचं काम निघालं तेव्हा मात्र त्या जागी इमारत बांधायचं घरात ठरलं. खाली लहानसं पण देखणं हॉटेल आणि त्याच्या डोक्यावर फ्लॅटचे मजले.

ही कल्पना सुनेची, संयोगिताची. ती पुण्यात शिकलेली आर्किटेक्ट. लग्न होऊन इकडे आल्यापासून तिच्या हातून एक दूध डेअरी, एक मंगल कार्यालय आणि चुलतसासऱ्यांचा बंगला एवढंच झालं होतं. त्यातही बंगल्यावर चुलतसासऱ्यांनी तिला न विचारता ट्रॅक्टरच्या आकाराची पाण्याची टाकी बांधली. येणारे-जाणारे टाकीचं कौतुक करत आणि ती कुणी काढली असं विचारत. तेव्हापासून संयोगिता त्या गल्लीनं जात नसे.

"हे एक काम माझ्या मनासारखं होऊ दे," ती नवऱ्याला, राजवर्धनला म्हणाली, "मग जन्मभर डेअऱ्या काढीन."

इमारत इथल्या मातीतली वाटली पाहिजे, असा तिचा हट्ट होता. दरवर्षी दिवाळीनंतर दुष्काळी भागातले धनगर मेंढरं घेऊन या बाजूला उतरतात. रात्री मेंढरं कोंडायला ते दोरीचं जाळं उभं करतात, त्याला वाघर म्हणतात. संयोगितानं अख्ख्या इमारतीला काळ्या दगडाच्या जाड भिंती आणि त्यांच्यापुढे वाघरीच्या विणीची जाळी काढली. पडदे घोंगड्याचे. नाव, वाघर हाइट्स.

चित्र बघून सासूबाई मंगल म्हणाल्या, "म्हंजी एवढा खटाटोप करून माणसांनी वाघरीतच ऱ्हायाचं?"

पण खरी अडचण सासूबाईंची नव्हती, विश्वजितची होती. विश्वजित हा राजवर्धनचा सांगलीचा मित्र आणि या कामातला भागीदार. हळदीच्या व्यापारात त्याचं बरं चाललं होतं. त्याच्या फोनमध्ये निळ्या काचेच्या एका इमारतीचं चित्र होतं आणि ते तो चहा येईपर्यंत दोनदा दाखवत असे.

"वहिनी, तुमचं डिझाइन झ्याकच हाय," तो म्हणायचा, "पण काच ती काच. लांबनं चमकती."

शेवटी असं ठरलं की, हॉटेल चालवायला घेणाऱ्या कंपनीच्या बाई मुंबईहून येतील आणि त्या सांगतील तसं. त्यांना आवडलं तर वाघर, नाहीतर काच. संयोगितानं ऊस निघालेल्या रानाच्या कडेला नमुन्याची एक खोली बांधून घेतली. दगडाची भिंत, पुढे जाळी, आत पलंग, पांढराशुभ्र टब असलेलं न्हाणीघर. खोलीसमोर पुण्याहून सतरंजीसारखी गुंडाळी करून आणलेली हिरवळ अंथरली.

आता कमी होती ती एका फोटोची. संयोगिता सासऱ्यांना म्हणाली, "आबा, धुळामामांना निरोप द्याल का? रविवारी सकाळी बाई यायच्या वेळी थोडी मेंढरं घेऊन खोलीपुढं उभे राहिले तर फार बरं होईल."

"त्यात काय अवघड हाय?" भाऊसो म्हणाले.

धुळा जतकडचा. त्याचा बापही भाऊसोंच्या बापाच्या रानात मेंढरं बसवायचा. मेंढरं बसवायची म्हणजे कळप रात्री रानात कोंडायचा. जमिनीला लेंडीखत मिळतं आणि धनगराला ज्वारी. भाऊसोंनी निरोप धाडला, "मेंढरं घिऊन ये." आणि असा निरोप निघाला की त्याच्याबरोबर ज्वारीचं पोतं द्यायचं, ही मंगलबाईंची सासू होती तेव्हापासूनची रीत. मंगलबाईंनी पोतं दिलं. त्यांना सवय होती म्हणून त्या बोलल्या नाहीत आणि भाऊसोंना सवय होती म्हणून त्यांनी विचारलं नाही. ज्वारी पोचली म्हणजे बोलणं पक्कं.

राजवर्धन आणि संयोगिता छापील माहितीपत्रकं आणायला पुण्याला गेले होते. रविवारी सकाळी ते परस्पर रानात आले, तेव्हा हिरवळ नव्हती. म्हणजे जागा होती, हिरवी नव्हती. सगळं रान मेंढरांनी भरलं होतं. तीन बिऱ्हाडं उतरली होती. घोडी संयोगिताच्या शोभेच्या झाडांना बांधली होती. झाडं बारीक होती आणि घोड्यांनी ती आणखी बारीक केली होती.

"धुळामामा, अहो हे काय?" संयोगितानं विचारलं.

"या या, सूनबाई!" धुळा खुशीत म्हणाला. "रान झ्याक साफ करून ठिवलंय. आन कोकरास्नी गवातबी आथारलं व्हतं. सुभेदाराचं मन लय मोठं."

"तेवढं हलवा की बाजूच्या रानात," राजवर्धन म्हणाला. "पाहुणे निघालेत."

धुळानं त्याच्याकडं असं पाहिलं की, राजवर्धननं जणू जेवणाऱ्याला पानावरून उठायला सांगितलं होतं. "ज्वारी खाल्लीया आमी. बसल्यालं मेंढरू मदीच उठवत्यात व्हय? तुमच्या बाला इचारा."

बापाला विचारलं. भाऊसो मिशी चोळत म्हणाले, "उठवायचं न्हाई. आमच्या घरात कवा उठवल्यालं न्हाई. पाहुण्यास्नी उद्या बोलवा."

राजवर्धननं विश्वजितला फोन लावला. रात्री सांगलीत मुक्कामाला आलेल्या बाईंना घेऊन विश्वजित कऱ्हाडच्या पुढे आला होता. "आता काय उद्या?" तो म्हणाला. "बाई गाडीत हायत." त्याच्या आवाजात फारसं दुःख नव्हतं.

निदान खोली तरी वाचली असेल म्हणून संयोगिता आत धावली. न्हाणीघरात धुळाची बायको रंगुबाई उकिडवी बसली होती. पांढऱ्या टबात घोंगडी अंथरून तिनं नुकती जन्मलेली कोकरं निजवली होती.

"रंगुमावशी, हा टब आहे हो!"

"आसू दे की. कोकरं झाकायच्या डालग्यापरास बरं हाय. वारं लागत न्हाई," रंगुबाई म्हणाली. "पर बया, ह्याला खाली भोक कशाला ठिवलंय? म्या बोळा कोंबला."

बाहेर गाडी वाजली. संयोगितानं डोळे पुसले आणि ती बाहेर आली. विश्वजित उतरताना पाय कुठे ठेवावा याचा विचार करत होता. मुंबईच्या बाई मात्र बूट घालून आल्या होत्या आणि सरळ चालत निघाल्या. धुळाचं कुत्रं दारात आडवं झालं. मेंढरं एका सुरात ओरडायला लागली, घोडी खिंकाळली आणि वर हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या टेपवर गाणी लावून चालल्या होत्या. धुळानं कुत्र्याला हाकललं. बाई आत गेल्या आणि त्यांच्या मागे रंगुबाईनं दार लावून घेतलं. कोकरांना वारं लागू नये म्हणून.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका," विश्वजित बाहेर म्हणाला. त्यानं फोन काढला होता आणि त्यात निळी काच उघडून ठेवली होती.

बाई बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या त्या भिंतीवर हात फिरवत.

"मी आत उभी होते," बाई म्हणाल्या, "आणि मला काही ऐकू येत नव्हतं. एवढा गोंधळ बाहेर, आणि आत ती बाळं गाढ झोपलीत. हायवेवरच्या आमच्या सगळ्या हॉटेलांची एकच तक्रार असते, झोप लागत नाही. विश्वजितजी, परीक्षा घ्यायची तर अशी घ्यावी. ही कल्पना तुमची?"

विश्वजितनं फोन खिशात घातला. "आमी समदं टेस्ट करूनच घेतो, मॅडम," तो म्हणाला.

काम संयोगिताच्या डिझाइनप्रमाणे करायचं, हे तिथेच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून ठरलं. त्या दिवशी संयोगितानं रंगुबाईच्या हातचा कोरा चहा दोनदा घेतला.

मेंढरं आपल्या वेळेनं उठली आणि दुसऱ्याच दिवशी पाया खणायला पोकलेन आलं. भाऊसो रानात उभे होते. त्यांनी मूठभर माती उचलली, दाबली, हुंगली, आणि ते पोकलेनच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"आबा, सरा बाजूला," राजवर्धन ओरडला.

"सरतो की. पर एवढं खत पडलंय, त्यात खड्डा काढायचा? डोस्कं फिरलंय का तुमचं? उसाची एक लागण निघू द्या, मग बांधा काय बांधायचं ते."

लागण झाली. उंचीला ऊस असा आला की, नमुन्याची खोली त्यात दिसेनाशी झाली. लागणीनंतर तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा आलाच, कारण खोडवा न घेता ऊस मोडणारा माणूस त्या तालुक्यात अजून जन्मायचा आहे. कंपनीच्या बाई एवढं थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी संयोगिताचं डिझाइन उचललं आणि याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ हायवेला, जिथे कुसळसुद्धा उगवत नाही अशा माळावर, ती इमारत बांधली. तिथे लोक झोपायला येतात आणि चांगले झोपतात.

विश्वजितनं सांगलीत निळ्या काचेची इमारत बांधली. ती लांबून चमकते. उन्हाळ्यात आतले लोक गॅलरीत येऊन बसतात. धुळाचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला, पण धुळा आणि रंगुबाई अजून दर हिवाळ्यात येतात. मंगलबाई ज्वारी धाडतात. भाऊसोंचे गुडघे गेले, रान त्यांनी सुनेच्या हाती दिलं आणि गेल्या वर्षी ते स्वतःच म्हणाले, "बांधा आता तुमचा टावर. मी काय आडवा येत न्हाई."

राजवर्धननं लगेच पोकलेनवाल्याला फोन लावला. संयोगिता बांधावर उभी होती. तिनं खाली वाकून एका बुडख्यातून निघालेले फुटवे मोजले.

"त्याला थांबायला सांगा," ती म्हणाली. "एवढा खोडवा निघू दे, मग बघू."