डबा बंद, डबा चालू

अकरा वाजता मुलाखत होती आणि दहा वाजून वीस मिनिटांनी भाऊंच्या लॅपटॉपवरचं नेट चौथ्यांदा गेलं.

भाऊ इमारतींचे नकाशे काढत. तेवीस वर्षं एकाच कंपनीत काढली आणि सहा महिन्यांपूर्वी त्या कंपनीलाच टाळं लागलं. तेव्हापासून केलेल्या सगळ्या अर्जांमध्ये उत्तर द्यायचं सौजन्य या एकाच ठिकाणाने दाखवलं होतं. म्हणून भाऊ नवाकोरा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. बिचारे पहाटेपासूनच बसले होते.

"अहो, डबा बंद करून चालू करा की," बायको म्हणाली. वायफायच्या राउटरला त्या घरात डबा म्हणत.

भाऊंनी हॉलमध्ये जाऊन डबा बंद केला, दहापर्यंत आकडे मोजले आणि चालू केला. परत येऊन बसतात तोच नेट आलंही. पाच मिनिटं सुखाची गेली आणि नेट पुन्हा गुल. भाऊंनी पुन्हा डबा बंद केला. बायकोने नुसत्या संशयावरून फ्रिजचा प्लग काढला. मग टेबलावर स्टूल चढलं, स्टुलावर लॅपटॉप, आणि भाऊ हात वर करून उभ्या उभ्या टाइप करू लागले.

"असाच देणार का इंटरव्ह्यू?"

"तू गप्प बस गं. आधी तो फ्रिज लाव."

शेवटी नेटच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी मोठी शांत होती. तिने तिच्या पडद्यावर पाहून सांगितलं, "सर, तुमचं कनेक्शन उत्तम चाललंय. फक्त सकाळपासून कुणीतरी ते सारखं बंद-चालू करतंय."

"तो मीच!"

"बरं. लॅपटॉपवर नेटचं नाव काय दिसतंय?"

भाऊंनी चष्मा नाकावर सरकवला. चालतंय म्हटल्यावर नाव कोण वाचतो? "भूगोल," ते म्हणाले.

"आमच्याकडे तुमच्या नेटचं नाव 'नकाशे' आहे, सर. त्याला जोडून बघा."

लॅपटॉपने पासवर्ड मागितला. तो भाच्याने ठेवलेला, आणि भाचा फोन उचलेना. पण भाऊंच्या डोक्यात आता लख्ख प्रकाश पडला होता. भूगोल शिकवणारे मास्तर भिंतीपलीकडे राहत. तीन वर्षांपूर्वी भाऊंचं नेट आठवडाभर बंद होतं, तेव्हा मास्तरांनीच स्वतःचा पासवर्ड यात घालून दिला होता. पुढे मास्तरांचं बिघडलं, तेव्हा भाऊंनी भाच्याकरवी आपला पासवर्ड त्यांच्या लॅपटॉपमध्ये घालून परतफेड केली होती. मग जिन्यात चपलांचं कपाट कुणी ठेवायचं यावरून दोघांचं वाजलं आणि गेली दोन वर्षं बोलणं बंद होतं. लॅपटॉपना हे कुणी कळवलंच नव्हतं.

भाऊंनी अभिमान गिळून शेजारची बेल दाबली. दार उघडलं तर मास्तरांच्या हातात त्यांचा डबा, वायर लोंबकळतेय.

"तुम्ही आत्ता हा बंद केलात?" भाऊंनी विचारलं.

"मग काय करू? माझा क्लास चाललाय आणि नेट सारखं जातंय."

"ते मी माझा डबा बंद करतो म्हणून जातंय."

"तुम्ही का बंद करता?"

"तुम्ही हा बंद केलात की माझं जातं म्हणून!"

"म्हणजे तुमचं नेट मी वापरतोय आणि माझं तुम्ही!" मास्तर म्हणाले.

"अकराला माझा इंटरव्ह्यू आहे हो, मास्तर," भाऊ हळूच म्हणाले. "कंपनी बंद पडली. सहा महिने झाले."

"सहा महिने? आणि मला सांगितलं नाहीत?"

"आपण बोलत कुठे होतो?"

मास्तरांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी आत जाऊन वायर खोचली, मुलांना अर्ध्या आफ्रिकेवर सुट्टी दिली आणि डब्यापाशी खुर्ची टाकली. "जा तुम्ही. याला हात लावायची कुणाची छाती आहे ते बघतो."

मुलाखत वेळेवर सुरू झाली. पडद्यावर तिघं होते. कामाचे प्रश्न भाऊंनी धडाधड सोडवले. मग मधल्या बाईंनी विचारलं, "हे सहा महिने घरी का होतात?"

भाऊंनी याचं उत्तर आरशासमोर घोकलं होतं. ऐनवेळी त्यातलं पहिलंच वाक्य आठवेना. डोळे मात्र भरून आले.

"हॅलो? नेट गेलं का?" बाई म्हणाल्या.

"नेट ठणठणीत आहे!" भिंतीतून आवाज आला. "कंपनी बुडाली, त्यात त्यांचा काय दोष? तेवीस वर्षांत एक जिना चुकला नाही त्यांचा!"

"हे कोण?"

"आमचे शेजारी," भाऊ डोळे पुसत म्हणाले. "पूर्वी प्रत्येक नकाशा आधी त्यांना दाखवायचो."

बाई हसल्या. बाकीचे दोघेही हसले. मग भाऊंची जीभ सुटली आणि त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. पडद्यावरच्या तिघांनी आपापसात काहीतरी कुजबुजून घेतलं.

"सोमवारपासून सुरू करा," बाई म्हणाल्या. "काम घरूनच असेल. तुमचं नेट भरवशाचं आहे ना?"

"अगदी भरवशाचं," भाऊ म्हणाले. "फक्त ते आमचं नाही."