भूक नसलेल्या आजोबांची वही

तुमच्या पोटात एक टपाल कचेरी आहे, अशी कल्पना करा बघू. जेवण झाले की आतडे तिथून मेंदूला चिठ्ठी धाडते, "पुरे आता!" ही चिठ्ठी म्हणजे इवल्याशा मण्यांची माळ. शास्त्रज्ञ तिला पेप्टाइड म्हणतात. ती काही मिनिटांतच तुटते, म्हणून त्यांनी आठवडाभर टिकणारी तशीच माळ बनवली आणि सुईच्या पेनात भरली. मधुमेह आणि वजन, दोन्हींवर तिचा उपयोग होतो का, हे तपासायला माणसे हवी होती. त्यांतलेच एक पेन्सिलचे आजोबा.

पेन्सिल म्हणजे त्यांची नऊ वर्षांची नात. कानावर सदा पेन्सिल खोचलेली, म्हणून हे नाव.

"निम्म्या लोकांना औषध मिळेल, निम्म्यांना नुसतं पाणीच म्हणा ना," डॉक्टरीणबाईंनी समजावले. "कुणाला काय, ते मलाही ठाऊक नाही. सहा महिन्यांनी कळेल. तोवर भूक किती, खाल्लं काय, चाललात किती, ते या वहीत खरंखरं लिहायचं. अशा सगळ्या वह्या पाहूनच सरकार ठरवतं, औषध विकायला द्यायचं की नाही."

"मला पाणी?" आजोबा हसले. "बाई, चौतीस वर्षं डेअरीत दूध तपासलंय मी. चमचाभर पाणी घातलं तरी ओळखायचो!"

पहिली सुई टोचली त्याच दुपारी जेवायला बसताना आजोबांनी जाहीर केले, "भूक मेली बुवा माझी. औषधच आहे हे!"

खरे तर पोटात कावळे कोकलत होते. पण आजी थोडा आग्रह करील, असा त्यांचा अंदाज होता.

"मेली ना? मग राहू दे," म्हणत आजीने ताट उचललेसुद्धा.

शब्द तोंडातून गेला होता आणि ताट स्वयंपाकघरात.

तिसऱ्या दिवशी आजोबा पेन्सिलला म्हणाले, "चल गं, जरा पाय मोकळे करून येऊ." घराखालच्या बेकरीत जायची सोय नव्हती, बेकरीवाली आजीची मैत्रीण. म्हणून पूल ओलांडून पलीकडची बेकरी गाठली. वही लिहायचे काम पेन्सिलकडे होते.

"आजोबा, काय लिहू?"

"लिही, भूक नाही. थोडं फिरलो."

"आणि हा बन?"

"बन म्हणजे काय खाणं आहे होय? नुसती हवा असते त्यात!"

पेन्सिलने सांगितले तसे लिहिले. पण घरी येऊन गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर आणखी एक नोंद केली : "अर्धा बन आजोबा, अर्धा मी. पावलं सहा हजार दोनशे." मग रोजच तारीख घालून ती तशी नोंद करू लागली.

महिन्याभरात आजोबांच्या पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले. साखरही उतरली. आजी हरखली. "काय गुणाचं औषध आहे हो!" म्हणत तिने ताटाऐवजी बशी मांडायला सुरुवात केली. बशी आली तशा बेकरीच्या फेऱ्या दोन झाल्या. फेऱ्या दोन झाल्या तसे पट्ट्याला आणखी एक भोक पडले. आणि ते पाहून आजीने बशीही लहान केली!

सहा महिने सरले. आजी आणि पेन्सिलला घेऊन आजोबा दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाईंनी एक बंद पाकीट टेबलावर ठेवले. "आधी वहीवर सही करा. यातलं सगळं खरं आहे म्हणून. मग पाकीट उघडू."

आजोबांनी पेन उचलले आणि वही चाळली. भूक नाही, भूक नाही, भूक नाही. चौतीस वर्षांत पाणी घातलेल्या दुधावर त्यांनी एकदाही सही केली नव्हती. त्यांनी पेन खाली ठेवले.

"बाई, या वहीत पाणी आहे."

"म्हणजे?" आजीने विचारले.

"मला रोज भूक लागायची. पहिल्या दिवसापासून."

"अहो, मग बोलायचंत की! तुमच्या वाटचं संपवून संपवून मी दोन किलो वाढले!"

आजोबांचा चेहरा पडला. "आता माझ्यामुळे सगळ्यांची मेहनत नासणार."

तेवढ्यात पेन्सिलने दप्तरातून गणिताची वही काढली. बाईंनी पान अन् पान वाचले. बन, पावले, तारखा, सगळे जिथल्या तिथे.

"खोडायचं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "चुकीवर एकच रेघ, शेजारी तारीख आणि सही. हिची वहीही जोडू, आणि काय घडलं ते स्पष्ट कळवू."

दुपारभर आजोबा रेघा मारत बसले. मग पाकीट उघडले. आत लिहिले होते : औषध नाही.

"पाणी!" आजोबा कपाळावर हात मारून खो खो हसू लागले. "चौतीस वर्षं दुधातलं पकडलं, आणि स्वतःच्या सुईतलं कळलं नाही!"

"मग आजोबांचं वजन कुणी उतरवलं?" पेन्सिलने विचारले.

"पुलाने," बाई म्हणाल्या. "आणि औषध किती गुणाचं, ते सगळ्यांच्या वह्या मिळून सांगतील. म्हणून तर त्या खऱ्या हव्यात."

दुसऱ्या दिवशी आजीने पुन्हा ताट मांडले. आजोबा मनसोक्त जेवले. आणि पेन्सिलने काय केले? तिने कोरी वही उघडली, वर "प्रयोग दुसरा : आजी" असे लिहिले आणि आजोबांच्या बुटांशेजारी आजीच्या चपला नेऊन ठेवल्या. मग थोडा विचार करून खाली आणखी एक खरीखुरी ओळ लिहिली : "आजपासून बनचे तीन तुकडे. नाइलाज आहे."