हिंदुरावआण्णांची चार बोटं

आमच्या गल्लीत हिंदुरावआण्णांचे पाय सगळ्यांच्या ओळखीचे होते, तोंड थोड्यांच्या. माणूस कायम कुठल्यातरी गाडीखाली. शिवाजी पेठेत कुणाकडं पाहुण्याची जीप आली, की पाहुणा चहाला आत जाईपर्यंत आण्णा जीपखाली शिरलेले असायचे. एकदा वरातीची जीप सजून तयार, नवरदेव वर बसलेला, आणि खालून आवाज आला, "पावणं, मागचा पाटा बसलाय तुमचा. जरा थांबा." वरात पाऊण तास थांबली.

पाटा म्हणजे चाकावरच्या कमानीतली पोलादाची पट्टी, जिच्यावर गाडीचा सगळा भार. आण्णांचा सगळा जीवही तिच्यावरच. त्यांची स्वतःची एक जुनी पिकअप होती. तिचा मूळ रंग कोणता यावर गल्लीत दोन पक्ष होते. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आण्णांना भंगारात चार मोठी टायरं सापडली आणि त्यांनी मला दारात गाठून जाहीर केलं, "मास्तर, गाडी चार बोटं उचलायची."

मी हायस्कूलात गणित शिकवतो. बोट हे माप माझ्या डोक्यात जातं. पण आण्णांचं भातातलं पाणी, दाराची फट, मडगार्ड आणि टायरमधलं अंतर, सगळं बोटांत. न राहवून मी त्यांना एक स्टीलची पट्टी दिली. आठ दिवसांनी पाहिलं तर ते तिनं पाठ खाजवत होते. म्हणाले, "लई कामाची हाय मास्तर. पर मापाला बोटंच बरी. पट्टी घरात ऱ्हाती, बोटं संगट असत्यात."

गाडी कशाला उचलताय, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "टायरं घावल्यात, मग बसवाय नकोत?" खरं कारण मला त्यांच्या बायकोकडून, शांताकाकींकडून कळलं.

काकींचं माहेर कोडोलीच्या पलीकडं, एका वस्तीवर. शेवटचा दीड मैल ओढ्यातून, दगडगोट्यांतून. आई अंथरुणाला खिळलेली आणि वस्ती सोडायला तयार नाही. काकींचे दोन्ही गुडघे गेलेले. मागच्या खेपेला पिकअपचं पोट ओढ्यातल्या दगडावर टेकलं, काकी उरलेली वाट चालल्या आणि पुढं दोन महिने त्यांना उठता येईना. तेव्हापासून आईची भेट नाही. म्हातारी रोज विचारायची, शांता आली का?

"भाड्याची गाडी दगडात घालाय कोण तयार हुईना," काकी म्हणाल्या. "म्हणून ह्यो खटाटोप. पर मी सांगितलं म्हणून बोलू नका. चिडत्यात."

आण्णांनी काम स्वस्तात धरलं. एका मोडीतल्या ट्रकचा पाटा कापून कमानीत जादा घातला. कमान आणि आसाच्या मध्ये बाभळीचे ठोकळे बसवले. लाकूड टिकणार नाही, असं मी म्हणालो होतो. पहिल्याच गतिरोधकावर ते फुटले आणि आण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग लोखंडी ठोकळे ठरले. तालमीतला मारुती पैलवान कागलच्या एमआयडीसीत लेथवर होता. आण्णांनी त्याला चार बोटं जोडून दाखवली. "एवढं जाड." मारुतीनं मान डोलावली. ठोकळे आले तेव्हा आण्णांनी आपली चार बोटं त्यांना लावून पाहिली.

"मारुती, हे कुणाच्या बोटानं केलंस?"

"माझ्या की आण्णा. तुमची बोटं कामावर कशी न्हेणार?"

मारुतीच्या एका बोटात आण्णांची दोन बसत होती. पण माणसामाणसाची बोटं वेगळी असतात हे कबूल करायचं, तर माझी पट्टी खरी ठरत होती. आण्णांनी तेच ठोकळे बसवले. मागचं धूड वर गेलं आणि पुढचं तेवढं उचलेपर्यंत आठवडाभर गाडी नाक खाली घालून दारात उभी होती. शेवटी मोठी टायरं चढली. आता आण्णांना गाडीखाली झोपावं लागत नव्हतं, बसता येत होतं. एकटेच जाऊन ओढा पार करून आले आणि मला म्हणाले, "पोट लागलं न्हाय मास्तर. मधनं शेरडू जाईल."

त्याच आठवड्यात वस्तीवरून निरोप आला. म्हातारीनं जेवण सोडलंय.

सकाळी काकी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, मऊ भाताचा डबा घेऊन बाहेर आल्या. पिकअपची पायरी त्यांच्या कमरेला. माझ्या घरचं स्टूल आणलं, ते कमी पडलं. खुर्ची आणली, तिच्यावर गुडघा चढेना. गल्ली जमली, कुणीतरी हसलं. मीही हसलो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

"ऱ्हाऊ द्या," काकी म्हणाल्या. "न्हाय माझ्या नशिबात." आणि माघारी वळल्या.

आण्णांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, हातपाय टेकून पालथे झाले. छाती जवळजवळ मातीला.

"चढ."

"अवो, उठा! नवऱ्याला पाय लावू व्हय मी?"

"म्हातारी वाट बघालीय. चढ म्हंतो न्हवं."

काकींनी चपला काढल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी कशाबशा वाकून आण्णांच्या पाठीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग पाऊल ठेवलं. एक हात मी धरला, एक मारुतीनं. आण्णा तळव्यांवर जोर देत हळूहळू वर आले, आणि काकी पायरीपर्यंत पोचल्या. एवढ्या वेळात काकींनी मिटलेले डोळे उघडले नव्हते.

आण्णा उठले. पांढऱ्या सदऱ्यावर पावलाचा ठसा उमटला होता. मी झटकायला गेलो तर म्हणाले, "असू दे. तिथं बी उतरवाय लागंल."

"सासरवाडी आहे आण्णा. जावयाला असं बघून काय म्हणतील?"

"बघू देत की."

लेकीच्या हातचा भात म्हातारीनं खाल्ला. पुढं चार महिने ती होती, आणि प्रत्येक रविवारी ही दोघं गेली. दुसऱ्याच रविवारी मारुती ओशाळं तोंड करून नवे, पातळ ठोकळे घेऊन आला. "आण्णा, चूक माझी. घटकाभरात बदलून देतो."

काकी चपला काढून गाडीपाशी उभ्या होत्या. आण्णांनी ठोकळे हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि मागं हौद्यात ठेवून दिले.

"ऱ्हाऊ दे मारुती," ते खाली वाकत म्हणाले. "आता जमलंय आमचं."