पन्नासाव्या प्रश्नातला पाय

सोमवारच्या बैठकीत संचालकबाईंनी सांगितलं, की शनिवारच्या ऑनलाइन परीक्षेला एक दृष्टिहीन उमेदवार बसणार आहे आणि तोपर्यंत संस्थेची वेबसाइट आणि परीक्षा दोन्ही तिला वापरता आल्या पाहिजेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या संस्थेत मान डोलावण्याइतकं जलद दुसरं काहीच होत नसे.

संस्था मसाज आणि व्यायामोपचार शिकवायची, परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायची. नव्या नियमाप्रमाणे त्या प्रमाणपत्राशिवाय कुठल्याच दवाखान्यात मसाजचं काम करता येणार नव्हतं. ही उमेदवार तेच काम नऊ वर्षं करत होती. तिच्या हाताखालून हजारो पाठी गेल्या होत्या, पण तिच्याकडे कागद नव्हता. महिनाअखेर तो मिळाला नाही, तर तिची जागा जाणार होती.

वेबसाइटवरच्या बटणांना नावं द्यायचं काम संगणकवाल्याने अंगावर घेतलं. तिच्या संगणकातला आवाज पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो, असं त्याने समजावलं. फक्त चित्र आलं, की तो आवाज नुसतं ‘चित्र’ म्हणतो आणि गप्प बसतो. आता परीक्षेत प्रश्न पन्नास आणि चित्रंही पन्नास. प्रत्येक चित्राचं वर्णन कुणीतरी लिहायला हवं होतं. सगळे चित्रकाराकडे बघू लागले. अकरा वर्षांपूर्वी ती चित्रं त्यानेच काढली होती. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात बैठक संपली.

मंगळवारी त्याने दिवसभर बसून पन्नास वर्णनं लिहिली. ‘मानेच्या मागचा स्नायू, ताणलेला’, ‘गुडघ्याची वाटी, सुजलेली’, अशी नेमकी आणि स्वच्छ. परीक्षाप्रमुखांनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. प्रश्नच मुळी ‘हा कोणता स्नायू?’ असा होता.

“तुम्ही वर्णन लिहिलंय की उत्तरपत्रिका?” त्यांनी विचारलं.

चित्रकाराने सगळं खोडलं आणि संध्याकाळपर्यंत नव्याने लिहून दिलं. आता बहुतेक चित्रांखाली ‘शरीराचा एक भाग’ असं होतं. जिथे दोन दिसत होते तिथे ‘शरीराचे दोन भाग’. परीक्षाप्रमुखांनी लगेच सही केली.

बुधवारी सकाळी उमेदवार बाईंचा फोन आला. संगणकवाल्याने त्यांना चाचणीसाठी, प्रश्न वगळून, नुसती चित्रांची वर्णनं पाठवली होती.

“मास्तर, मी एकोणचाळीस वेळा ‘शरीराचा एक भाग’ ऐकलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तो शरीराचाच असणार, एवढा अंदाज मला होता.”

चित्रकाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने आपली अडचण सांगितली. जास्त लिहिलं तर परीक्षाप्रमुख रागावतात, कमी लिहिलं तर तुमचं नुकसान होतं, आता मी करू तरी काय?

“तुम्हाला जे माहीत आहे ते लिहू नका,” बाई म्हणाल्या. “दिसतंय तेवढंच लिहा. रेघ कुठून निघते, कुठे जाते, काय वर आहे, काय खाली. नाव मी सांगेन. परीक्षा माझी आहे.”

तो तीस वर्षं चित्रं काढत होता, पण आपल्या चित्राकडे काहीही माहीत नसल्यासारखं बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. एका चित्राला तास लागू लागला. काम घरी आलं. पाठीच्या चित्रातली कुठली रेघ कशाची हे कळेना, तेव्हा त्याने बायकोला चटईवर पालथं झोपायला सांगितलं आणि कागद घेऊन तिच्याभोवती फिरू लागला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझ्याकडे इतकं निरखून बघताय, असं ती चटईत तोंड खुपसूनच म्हणाली. मग तिची मान आखडली. ती चोळताना त्याला अकराव्या चित्राचं वर्णन सुचलं आणि तो तिला तशीच सोडून टेबलाकडे गेला. त्या रात्री जेवणात मीठ नव्हतं.

शुक्रवारी दुपारी पन्नासही वर्णनं तयार झाली. त्यांतली तीन वर्णनं नमुन्यादाखल बाईंना पाठवली. त्यांनी ऐकून कळवलं, की आता दिसलं. चित्रकार खुर्चीत बसला आणि किती तरी वेळ उठलाच नाही.

शनिवारी मात्र घात झाला. संगणकवाल्याने हौसेने, कुणालाही न विचारता, वेबसाइटलाच बोलायला शिकवलं होतं. बाईंच्या संगणकातला आवाज पहिला प्रश्न वाचू लागला आणि त्याच वेळी वेबसाइटचा आवाज संस्थेची पार्श्वभूमी सांगू लागला. दोन जावा एकाच वेळी एकमेकींची तक्रार सांगत असाव्यात, तसं सगळं एकात एक मिसळलं. वेबसाइटचा आवाज बंद करायचं बटण होतं, पण त्याला नाव द्यायचं राहून गेलं होतं, त्यामुळे ते बाईंना सापडेना. प्रत्येक प्रश्नाला मोजून दीड मिनिट होतं. संगणकवाला धावत येऊन तो आवाज बंद करेपर्यंत सात प्रश्न निघून गेले. बाईंनी एका शब्दानेही तक्रार केली नाही. कानावरचा हेडफोन नीट केला आणि आठव्या प्रश्नाला लागल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं मागे उभ्या असलेल्या चित्रकाराला वाटलं.

निकाल लागला. उत्तीर्ण व्हायला पस्तीस गुण हवे होते. बाईंना चौतीस मिळाले.

चित्रकाराने त्यांची उत्तरं उघडून बघितली. हुकलेले सात प्रश्न सोडून नऊ उत्तरं चुकली होती, आणि त्यांत पन्नासावंही होतं. तो चक्रावला. शेवटचा प्रश्न मुद्दाम सोपा ठेवलेला होता, म्हणजे उमेदवार हसतमुखाने घरी जावा. एका पायाचं चित्र होतं आणि हा पाय डावा की उजवा एवढंच विचारलं होतं. बाईंनी ‘उजवा’ लिहिलं होतं. बरोबर उत्तर ‘डावा’. नऊ वर्षं पाय चोळणाऱ्या बाईला पाय ओळखता येऊ नये?

त्याने स्वतःचंच वर्णन पुन्हा वाचलं. ‘पाय वरून दिसतो. नखं दिसतात. बोटं वर, टाच खाली. अंगठा डाव्या कडेला, करंगळी उजव्या.’ त्याने डाव्या पायातला बूट काढला, मोजा काढला आणि खाली बघितलं. अंगठा उजव्या कडेला होता. त्याने दुसराही बूट आणि मोजा काढला. मग त्याला आठवलं. अकरा वर्षांपूर्वी वाकून पाठ दुखू नये, म्हणून त्याने आपला डावा पाय आरशात बघून काढला होता.

तेवढ्यात परीक्षाप्रमुख आत आले. अनवाणी चित्रकाराने त्यांना सगळं सांगितलं. ते हळूच खुर्चीत बसले.

“आणखी कुणाला बोललात?”

“नाही.”

“मग बोलू नका.”

पण महिना संपायला चार दिवस उरले होते. चित्रकार बूट हातात घेऊन संचालकबाईंकडे गेला.

बैठक तीन तास चालली. अकरा वर्षं प्रश्न बदललाच नव्हता, त्यामुळे शेवटचं उत्तर ‘डावा’ हे प्रत्येक तुकडी पुढच्या तुकडीला सांगून जात होती. ज्यांनी खरोखर चित्राकडे बघून ‘उजवा’ लिहिलं, त्यांचा गुण गेला होता. पण मला पाय ओळखता आला नाही, अशी तक्रार घेऊन कोण येणार? आता उत्तर बदललं, तर काठावर पास झालेले किती तरी जण नापास ठरले असते. परीक्षाप्रमुख याच संस्थेचे जुने विद्यार्थी होते आणि त्यांना बरोबर पस्तीस गुण होते. हे त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. मग ते एकटक बाहेरच बघत राहिले.

चूक माझी आहे, ती माझ्या नावावर लिहा आणि सगळ्यांनाच तो गुण देऊन टाका, असं चित्रकार काकुळतीला येऊन म्हणाला. चूक मान्य करायला वेगळी समिती नेमावी लागते, असं त्याला सांगण्यात आलं. तो घरी आला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

महिना संपायच्या आदल्या दिवशी संचालकबाईंनी सहीचं पत्र त्याच्या हातात ठेवलं. त्याने लगेच उमेदवार बाईंना फोन लावून ते वाचायला घेतलं. आपले गुण चौतीसऐवजी पस्तीस करण्यात येत असून आपण उत्तीर्ण आहात, असं पहिल्या ओळीत होतं. पलीकडे बाईंनी सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. तो पुढे वाचू लागला.

“‘विशेष बाब म्हणून, दृष्टिहीन उमेदवारांसाठी प्रश्न क्रमांक पन्नासमधील उजवा पाय हा उजवा समजण्यात येईल.’”

बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने वाचलं.

“आणि ज्यांना दिसतं, त्यांच्यासाठी?” त्यांनी विचारलं.

चित्रकाराने कागद उलटून बघितला. मागे काहीच नव्हतं.

“त्यांचा अजून डावाच आहे, बाई,” तो म्हणाला.