केरूच्या पिकअपचं सासर

“गाडी बदलणारा माणूस कशालाच चिकटून राहत नाय,” केरूने मार्केट यार्डातल्या चहाच्या टपरीसमोर जाहीर केलं. “आज गाडी बदलंल, उद्या देव बदलंल. माणसानं एकदा हात धरला की शेवटपर्यंत धरावा.”

विधान मोठं होतं आणि ऐकायला पाचसहा माणसंही होती. फक्त ते करताना केरू अर्धा गाडीच्या आत आणि अर्धा बाहेर होता. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सकाळपासून उघडत नव्हतं आणि खिडकीतून उतरताना त्याची विजार काचेच्या हँडलमध्ये अडकली होती. शेवटी दोघांनी त्याचेच हात धरले, ओढलं, आणि विजारीचा एक तुकडा निष्ठेने गाडीपाशी राहिला.

या तत्त्वज्ञानाचं मूळ खंडेराव होता. खंडेराव हा केरूचा धाकटा चुलत भाऊ. नाशिकजवळच्या मखमलाबादेत दोघांचे मळे शेजारी, मधे एकच बांध. इकडे केरूची कोथिंबीर आणि शेवंती, तिकडे खंडेरावची मेथी आणि झेंडू. माती एक, पाणी एक, आडनाव एक. फरक पिकअपमध्ये होता. केरूची डिझेल पिकअप त्याच्या थोरल्या मुलाहून वयाने मोठी होती. खंडेराव मात्र दर दोनतीन वर्षांनी जुनी देऊन नवी आणायचा, आणि नवी आली की पूजेला वहिनीला बोलवायचा.

वहिनी म्हणजे केरूची बायको सिंधुबाई. भाऊबंदांत मोठी सून म्हणून पूजेचा मान तिचा. त्यामुळे खंडेरावच्या प्रत्येक नव्या गाडीत पहिली चक्कर तिची व्हायची, आणि परत येताना तिच्या हातात पेढे आणि तोंडात कौतुक असायचं. त्या अक्षय्यतृतीयेलाही तेच झालं.

“काय सीट हे हो भाऊजींच्या गाडीची,” ती पेढा पुढे करत म्हणाली. “बसलं की उठू नाय वाटत.”

“आपल्या गाडीत बसलं तरी कुठं लगेच उठतो आपण?”

“आपल्या गाडीत उठता येत नाय. दार उघडत नाय.”

केरूने पेढा खाल्ला नाही. म्हणजे तिच्यासमोर खाल्ला नाही.

संध्याकाळी तो सहज म्हणून बांधापर्यंत गेला. खंडेराव गाडी मागे घेत होता आणि मान न वळवता पुढेच बघत होता. “ये दादा, बस, गंमत बघ,” तो म्हणाला. समोरच्या छोट्या पडद्यावर मागचं सगळं दिसत होतं. केरूला त्यात स्वतःचं घर दिसलं आणि पायरीवर लसूण सोलत बसलेली सिंधुबाई दिसली. दोन्ही त्याला नेहमीपेक्षा बरी वाटली. आपलं घर आणि आपली बायको दुसऱ्याच्या गाडीत जास्त चांगली दिसतात, हे कळल्यावर माणसाच्या तत्त्वज्ञानाचं फार दिवस काही खरं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो शोरूममध्ये गेला. तिथल्या टाय लावलेल्या माणसाने केरूच्या पिकअपभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि आदराने विचारलं, “ही चालवत आणली तुम्ही?” मग त्याने जुन्या गाडीचा जो भाव सांगितला, तो ऐकून केरू चहा तसाच टाकून उठला. नवी घेईन, पण जुनी यांच्या हातात देणार नाही. तिला जाणता माणूस बघून देईन. मुलीला स्थळ बघावं तसंच तो बोलला, पण तेव्हा त्यात कोणाला काही खटकलं नाही.

स्थळ सांगून आलं देवळाली कॅम्पच्या बाजूचं. फकिरा नावाचा तिशीतला माणूस, रस्त्याकडेला रोपांची नर्सरी, निर्व्यसनी, कमी बोलणारा. त्याने बॉनेट उघडून कान लावला, पुन्हा बंद केलं आणि म्हणाला, “आवाज चांगला हे.” केरूचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत त्या आवाजाला चांगलं म्हणणारा हा पहिला माणूस.

गाडी न्यायच्या दिवशी सिंधुबाई ताट घेऊन बाहेर आली.

“तशी मोकळी नाय पाठवायची,” ती म्हणाली. “हिच्यात बसून मी बाळंतपणाला गेले अन पोर घेऊन हिच्यातूनच घरी आले. ओटी भरते.”

स्टिअरिंगवर हिरवा खण घातला. सीटवर तांदूळ आणि नारळ ठेवला, बॉनेटला हळदकुंकू लावलं. एवढं होईपर्यंत सिंधुबाईने पदर डोळ्यांना लावला होता. फकिरा गोंधळून गेला. गाडीची ओटी भरली जात असताना गिऱ्हाइकाने कसं वागायचं, याची काही रीत नाही. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि काहीच सुचेना तेव्हा वाकून केरूच्या पाया पडला. वाकलेल्या माणसाच्या पाठीवर केरूचा हात आपोआप गेला आणि तोंडातून आपोआप निघालं, “सुखानं नांदवा.”

 मग बांधावरून खंडेराव म्हणाला, “झालं. दादाला जावई मिळाला.”

फकिराने ते मनावर घेतलं. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. “मामा, रिव्हर्स पडत नाय.”

“ओढू नको तिला,” केरू म्हणाला. “क्लच दाबायचा, जरा थांबायचं, मग हलका हात ठेवायचा. लाजते ती.”

दुसऱ्या दिवशी वायपरबद्दल, तिसऱ्या दिवशी दाराबद्दल. “मामा, आतून उघडत नाय.” “खांद्यानं नाय, गुडघ्यानं. वरच्या अंगाला.” या फोनांच्या वेळी केरूचा चेहरा असा खुलायचा, की सिंधुबाई ताट वाढायचं थांबवून बघत राहायची.

दरम्यान केरूची नवी पिकअप आली. पांढरी, पडदेवाली, खंडेरावच्या गाडीपेक्षा एक बोट उंच. हे बोट केरूने स्वतः लावून पाहिलं होतं. पूजा सिंधुबाईनेच केली, पेढे वाटले गेले, आणि केरू ज्या क्षणासाठी जगत होता तो आला: खंडेराव गाडी बघायला आला. त्याने दार उघडलं, सीट दाबली, पडदा बघितला.

“छान हे,” तो म्हणाला. चेहऱ्यावर जळजळ नव्हती, ठसका नव्हता, काहीच नव्हतं.

“तू पुढची कधी घेतो?” केरूने आशेने विचारलं.

“मी? नाय बाबा. आता हीच ठेवायची. माणसानं एकदा हात धरला की शेवटपर्यंत धरावा. तूच म्हणायचा ना.”

केरूला त्या रात्री जेवण गेलं नाही.  आयुष्यभर ज्याच्यावर जळत आलो, तोच आता निष्ठावान झाला होता, आणि आपण गाडी बदलणारे ठरलो होतो.

नवी पिकअप गुणी होती, पण बोलकी होती. पट्टा नाही लावला की टुंग, दार नीट नाही लागलं की टुंग. एकदा तर भर रस्त्यात दिवा लागला आणि गाडी कासवाच्या चालीला आली. कारागीर म्हणाला, “हिला युरिया लागतो मामा, वेगळ्या टाकीत घालायचा.” आता केरूने कोथिंबिरीला युरिया घालण्यात उमर घातली होती, पण गाडीला घालायची वेळ येईल असं त्याला वाटलं नव्हतं. जुनीला काय लागायचं? डिझेल आणि दोन शिव्या.

फकिराचे फोन मात्र कमी होऊ लागले. मग एक दिवस थांबलेच. केरू रोज मोबाइल बघायचा. शेवटी त्यानेच फोन केला.

“रिव्हर्स कसं हे?”

“पडतं की मामा. आता काय त्रास नाय.”

केरूला वाटलं, कोणी तरी काळजात कुदळ मारली. आपल्याला ती लाजायची. याच्यासमोर काय झालं?

त्याच आठवड्यात उजाडायच्या आत त्याला ती फुलबाजाराबाहेर दिसली. हौद्यात मोगऱ्याची रोपं, वर हिरवी कोरी ताडपत्री, आरशाला गोंडे. फकिरा बसला, अर्ध्या किल्लीत ती चालू झाली आणि एका झटक्यात मागे आली. मग हॉर्न वाजला. नवा हॉर्न होता, गोड, दोन सुरांचा. केरूच्या अंगावर काटा आला. त्याच्या घरी ती एवढी वर्षं खोकल्यासारखी वाजायची, आणि त्याला वाटायचं तिचा गळाच तसा आहे.

काही न ठरवता तो नवी गाडी घेऊन तिच्या मागे निघाला. द्वारका चौक, पुढे नाशिक रोड. एका टपरीवर फकिरा थांबला, उतरला आणि जाता जाता त्याने तिच्या बॉनेटवर सहज थाप मारली. ती थाप केरूला स्वतःच्या गालावर बसल्यासारखी लागली.

मग हे रोजचंच झालं. घरी यायला उशीर का, असं सिंधुबाईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “नवं इंजिन हे. मोकळं करावं लागतं.” तिने मान डोलावली. नव्या गाडीला काय काय लागतं, याचा तिला आता अंदाजच राहिला नव्हता.

आणि मग धोंड्याचा महिना आला.

“लेक-जावयाला जेवायला बोलवायला पाहिजे,” केरू अचानक म्हणाला.

“कुठली लेक?” सिंधुबाईने विचारलं. त्यांना दोन्ही मुलगेच होते.

“ओटी तूच भरली ना?”

सिंधुबाईने थोडा वेळ विचार केला. रीतीत बसत होतं. तिने अनारशांचे तांदूळ भिजत घातले.

केरूच्या मनात मात्र जेवण नव्हतं. तो तीन दिवस मळ्यात कोथिंबिरीसमोर भाषण घोकत होता. ठरलेल्या दिवशी फकिरा आणि त्याची बायको सुवर्णा त्या पिकअपमधून आले. सिंधुबाईने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. खंडेरावला बोलावलं नव्हतं, त्यामुळे तो वेळेवर आला. पुरणाचे धोंडे वाढले, तूप वाढलं, अनारशाचं वाण दिलं. फकिरा खाली मान घालून जेवला. मग केरू उभा राहिला.

“फकिराराव, मी चुकलो. नव्याच्या नादात घरची लक्ष्मी दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधली. ती समोर नवी उभी हे, पेढ्याचा वास अजून गेला नाय तिचा. ती तुम्ही घेऊन जा. अन माझी मला द्या. वरून काय मागणार नाय.”

 तेवढ्यात खंडेरावने तोंडातला अनारसा गिळला.

“फकिराराव, थांबा. अदलाबदलच करायची तर माझी घ्या. माझी जरा सरावलेली हे. अन ताडपत्री फुकट.”

“तुला कशाला पाहिजे माझी गाडी?” केरू म्हणाला.

“तुला कशाला पाहिजे?”

“मी वाढवली तिला.”

“मी धक्के मारले तिला. निम्मं आयुष्य मीच ढकलली.”

“माझ्या गाडीसोबत जॅक अन एक जादा टायर,” केरू फकिराकडे वळून म्हणाला.

“माझ्यासोबत दोन टायर.”

“युरियाचा डबा.”

“भाऊजी,” सिंधुबाई म्हणाली, “दुसऱ्याच्या घरी दिलेल्या लेकीवर असं भांडत नसतात. अन तुम्ही पण बसा हो खाली.”

सुवर्णाने पदर सावरला. “तसंही धोंड्याच्या महिन्यात गाडीचा सौदा करीत नाय मामी. आमच्याकडं तरी नाय.”

“आमच्याकडंही नाय,” सिंधुबाई ठामपणे म्हणाली, आणि विषय बायकांपुरता संपला. पण केरू बसला नाही. तो फकिराकडे बघत राहिला. फकिराने तांब्यातून पाणी घेतलं, हात धुतले, उपरण्याला पुसले. त्याला कशाचीच घाई नव्हती.

“मामा, गाडी नाय देता येणार,” तो शेवटी म्हणाला. “रुळली आता ती आमच्यात. घरात नवं माणूस रुळायला किती दिवस जात्यात, तुम्हाला माहीतच हे. तिला परत उठवून आणणं बरं दिसत नाय.”

केरू खाली बसला. खंडेरावही बसला, पण त्याला तसं काही झालेलं नव्हतं. केरूला हवी होती म्हणून त्याला हवी होती. केरूला मिळाली नाही, एवढ्यावर तो तृप्त होता.

सिंधुबाईला नवऱ्याचा चेहरा बघवेना. ती जावयाकडे वळली. “जावईबापू, ते राहू द्या. पण पहिल्याच धोंड्याला जावयाला रिकामं पाठवत नाय. तुमच्या मनात काय असंल ते मागा. आम्ही नाय म्हणणार नाय.”

“नको मामी. भरपूर झालं.”

“मागा हो,” केरूही म्हणाला. आवाजात अजून एक धागा आशेचा होता. “काय पाहिजे ते मागा.”

फकिराने सुवर्णाकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली.

“बघा, राग मानू नका,” तो म्हणाला. “पहाटे तुम्ही आमच्या मागं नाशिक रोडपर्यंत येता ना. या, येऊ नका असं नाय म्हणत मी. तिलाही बरं वाटत असंल. फक्त तुमच्या नव्या गाडीचा लाइट तेवढा खाली ठेवत जा मामा. आरशातून डोळ्यावर येतो.”