त्र्यंबकरावांच्या शेवाळाचा खुराक

वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्र्यंबकराव रत्नागिरीहून येताना आंबे आणतील, अशी नंदिनीबाईंची समजूत होती. ते समुद्राचं पाणी घेऊन आले. एसटीत अख्ख्या घाटभर कॅन मांडीवर! पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ होतं, आणि उद्या सगळं जग तेच खाणार, असं सरांनी ठरवून टाकलं होतं. (जगाला कुणी विचारलं नव्हतं.)

शिवाजी पेठेतल्या घराच्या गॅलरीत, काचेच्या बरणीत ते वाढू लागलं. आधी फिकटच होतं. मग सरांनी चिमूटभर नायट्रेट, फॉस्फेट, किंचित लोह, थेंबभर बी-बारा जीवनसत्त्व सुरू केलं आणि बरणी हिरवीगार झाली. सर भिंग घेऊन तासन् तास बघत बसत.

"माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत," नंदिनीबाई म्हणाल्या.

"तुझी वाढ थांबलीय," सर बोलून गेले आणि संध्याकाळच्या चहाला मुकले.

खालच्या मजल्यावरचे हंबीरराव पैलवान एकदा डोकावले. "ह्येला खुराक काय देताय, सर?"

"एकदम चोख! शिवाय रोज हलवतो."

"म्हंजे मेहनत बी हाय!"

"अहो, यातल्या प्रथिनांपुढे तुमचे बदाम झक मारतील!"

पैलवान बरणीकडं बघतच राहिले.

रविवारी मुंबईहून शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार होते. त्यांना बरणी पसंत पडली, तर कॉलेजात प्रयोगशाळेला खोली मिळणार होती. सर सकाळी गॅलरीत गेले, तर तळाशी चार बोटं पाणी!

"नंदिनी! शेवाळ कुठाय?"

"हंबीरराव लोटा घेऊन आले होते. मला वाटलं, तुम्हीच बोलावलंत."

सर धडपडत खाली गेले. पैलवान संडासाच्या दाराशी उभे.

"प्यालो की! कुरुंदवाडात आज कुस्ती हाय न्हवं. लई खारट हाय, पर म्हटलं ताकद..." वाक्य अर्धं टाकून ते आत पळाले.

सरांचा जीव टांगणीला. डॉक्टर आणले, साखरपाणी पाजलं. पैलवान सावरतात तोवर साहेब हजर! त्यांनी बरणीत उरलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"वा, वाढ उत्तम! पण पोषण कुणावर तपासलंत?"

"माझ्यावर," दारातून क्षीण आवाज आला. "पोटात ऱ्हात न्हाय, सायेब. कुस्ती बी गेली."

सगळी हकिगत ऐकून साहेब पोट धरून हसले. "खोली मिळेल," ते म्हणाले, "पण तिथं जरा कमी बोलणारा माणूस नेमा."

साहेब गेल्यावर नंदिनीबाईंनी कपबशा उचलल्या.

"हुशार माणूस! तासाभरात ओळखलं तुम्हाला. मला लग्नानंतर आठवडा लागला होता."