पत्ता चुकलेला कचरा

सकाळी साडेसहाला आमच्या दाराची कडी वाजली, तर दूधवाला आला असं समजू नका. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून निघून जातो. आमच्याकडे कडी वाजते ती कचरा परत आला म्हणून. थोड्या वेळापूर्वी फाटकाबाहेर ठेवलेली आपलीच पिशवी, गाठ जशीच्या तशी, आणि गाठीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर निळ्या पेन्सिलीनं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं, 'पत्ता चुकला. परत.' आणि पिशवीमागे नाना उभे.

नाना म्हणजे आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणारे भास्कर नाना. निवृत्त पोस्टमन. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर सायकलीनं टपाल वाटण्यात त्यांची उभी नोकरी गेली. मग धुळ्यात आमच्या कॉलनीत घर घेतलं. मूलबाळ नाही. बायको गेल्या वर्षी गेली. माणूस सरळ, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण सरकारनं कचऱ्याचे नियम बदलले आणि नाना आमच्या राशीलाच लागले.

नियम तुम्हालाही ठाऊक असेल. आधी दोन डबे होते, ओला आणि सुका. ते सांभाळतानाच आमची तारांबळ उडायची. आता चार झाले. तिसरा डायपर वगैरेंचा आणि चौथा धोक्याचा, म्हणजे काच, ब्लेड, जुनी औषधं, सुया. एकत्र केलेला कचरा घंटागाडी उचलणार नाही, वर दंड. बाकीच्या कॉलन्यांनी नेहमीप्रमाणे 'बघू' म्हटलं. नानांनी मात्र पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सांगून टाकलं, "या गल्लीतून एक पिशवी चुकीची जाणार नाही. मी जाऊ देणार नाही." आम्ही हसलो. ते आमचं शेवटचं हसणं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. नाना पिशवी कधीच उघडत नाहीत. "दुसरानं पाकीट मी उघाडस नही," असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. एरवी ते पोस्टातलं शहरी मराठी बोलतात, पण तत्त्वाचा प्रश्न आला की अहिराणीवर उतरतात. पिशवी हातात तोलायची, बोटांनी चाचपायची, कानाशी नेऊन हलवायची आणि निकाल द्यायचा. "आवाज ऐका बाई. भाजीनं देठ असं बोलस का?" निकाल कधी चुकलेला नाही, हेच खरं दुखणं आहे.

नाना उघडत नाहीत, म्हणून उघडायची पाळी आपल्यावर येते. एकदा मी ओल्या कचऱ्याची परत आलेली पिशवी उघडली, तर आत तिखट शेवेची सात रिकामी पाकिटं. आमच्या ह्यांना डॉक्टरांनी तेलकट बंद केलेलं. हे म्हणाले, शेजाऱ्यांची असतील. त्या दिवशी आमच्या घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. पण तेव्हापासून ह्यांनी नानांशी अबोला धरला.

मी स्वतः गणिताची शिक्षिका. पोरांना ओरडून ओरडून आवाज चढलेला. पण नानांपुढे माझीही डाळ शिजेना. शेवटी ठिणगी पडली ती एका रविवारी.

त्या दिवशी नशिराबादचे पाहुणे आमच्या मुलीला पाहायला आले होते. रविवारी गाडी उशिरा येते, दहाच्या सुमाराला. पोहे झाले, चहा झाला, मुलाची आई मुलीला स्वयंपाकाचं विचारतेय, आणि कडी वाजली. नाना थेट बैठकीत. पाहुण्यांना नमस्कार केला आणि त्यांच्यादेखत पिशवी कानाशी धरून हलवली. "काच शे. कप फुटेल शे, बाई." सकाळच्या घाईत माझ्याच हातून कप फुटला होता आणि तुकडे मी भाजीच्या देठांत ढकलले होते. मी हळूच म्हटलं, नाना, मागाहून बघते. नाना म्हणाले, "मागाहून नाही. गाडी कोपऱ्यावर आली." शेवटी नवी साडी सावरत मी पाहुण्यांसमोर कागद पसरून कपाचे तुकडे वेचले. जाताना मुलाची आई एवढंच म्हणाली, "तुमच्याकडे फार कडक आहे हो."

माझं डोकं फिरलं. संध्याकाळी सगळी गल्ली आमच्या अंगणात जमली. सगळ्यांचंच ठरलं की आता बास. नियम महापालिकेचा आहे, तो पाळून घ्यायला त्यांची माणसं आहेत. नानांनी उद्यापासून कोणाच्याही पिशवीला हात लावायचा नाही. हे त्यांना सांगणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा मीच म्हटलं, "मी सांगते. तोंडावर सांगते."

दुसऱ्या दिवशी सातला मी त्यांच्या ओट्यावर हजर. चार डबे पुसून ओळीनं ठेवलेले. मी चांगली तयारी करून गेले होते. "नाना, हे फार झालं," इथपर्यंत आले आणि घंटागाडी दारात थांबली.

गाडीवरची मंगला खाली उतरली. आधी कचरा घेतला नाही. हातमोजे काढले आणि दोन्ही तळवे नानांपुढे धरले. नानांनी चष्मा लावला, एकेक तळवा नीट पाहिला, बोटंसुद्धा. मग म्हणाले, "जाय बेटा." तिनं मोजे चढवले, डबे रिकामे केले आणि हसून निघून गेली.

"हे काय, नाना?" मी विचारलं.

नाना खाली बघत सांगायला लागले. बायकोला मधुमेह होता, रोज इन्सुलिन. सुया नानाच फेकायचे. उघड्या सुया कोणाला टोचू नयेत म्हणून त्यांनी पोस्टातल्या माणसाला सुचेल तेच केलं. सुया जाड पाकिटात घातल्या, डिंक लावून पाकीट नीट बंद केलं आणि सुक्या कचऱ्यात टाकलं. बंद पाकीट कोणी उघडेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतः एकही उघडलं नव्हतं.

"मंगलाले वाटनं, नानानं काही कामनं चुकीसन टाकाई गयं. परत द्यावं म्हनून तिनं उघाडं," नाना म्हणाले. "तिना हातले सुई टोचाई गयी."

पुढे सहा महिने मंगलाच्या रक्ताच्या तपासण्या चालल्या. घरी तिची लहान मुलगी, आणि तपासणीत काय निघेल सांगता येत नाही. प्रत्येक वेळी नाना तिच्यासोबत सिव्हिलमध्ये जाऊन बाकावर बसले. बायकोला सांगायचे, पेन्शनच्या कामाला जातो.

"त्यांना खरं सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? आपल्या सुईनं पोरीला टोचलं कळलं असतं तर तिनं इंजेक्शनच सोडलं असतं. तशीच होती ती." नानांनी डब्याचं झाकण उगाच काढलं आणि परत लावलं. "हा चौथा डबा एक वर्ष आधी आला असता ना, बाई..."

मग नानाच म्हणाले, "ती गेली, त्याच्या बाराव्या दिवशी मंगलाची शेवटची तपासणी होती. रिपोर्ट चांगला उना. एकदम चांगला. मी पयत पयत घर उनू. आन सांगाले घरमा कोनीच नव्हतं."

मला रडू आलं. काय सांगायला आले होते ते आठवून स्वतःची लाजही वाटली. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "नाना, रिपोर्ट चांगला आला, बरं झालं. फार बरं झालं हो."

नानांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. पुसतच राहिले. मग नाक ओढून विचारलं, "तुमना चौथा डबा कोठे शे?"

डबा मी त्याच दिवशी आणला. आमच्या फाटकाशी गल्ली निकाल ऐकायला उभीच होती. मी सांगितलं, उद्यापासून समोरच्या ओळीच्या पिशव्या मी बघणार आहे, आणि माझा कान नानांइतका तयार नाही, तेव्हा मी त्या उघडून बघेन.